दहा रात्री आणि किती शहरं?

नमस्कार. मागे बसलेल्यांना आवाज येतोय ना? ठीक.

गेल्या आठवड्यात ओळखीचं एक जोडपं घरी आलं होतं, जपानचा बेत घेऊन. दहा रात्री. टोकियो, नागोया, क्योटो, ओसाका, हिरोशिमा, पुन्हा टोकियो. मी विचारलं, ‘राहणार कुठे?’ ते म्हणाले, ‘हॉटेलं बघून ठेवलीत की.’ माझा प्रश्न हॉटेलांचा नव्हता.

हसू नका, पहिल्या खेपेला मीही हाच उद्योग केला होता. तिकडच्या बहुतेक हॉटेलांत सकाळी दहा-अकराला खोली सोडावी लागते आणि पुढच्या गावची खोली दुपारी तीनच्या आत हातात येत नाही. मधले चार-पाच तास तुम्ही बेघर. गाड्यांना बोल लावायला जागाच नाही. नोझोमी ही बुलेट ट्रेन टोकियोहून क्योटोला सव्वादोन तासांत पोचवते. वेळ खातात त्या बॅगा. नागोयाला आम्ही उतरलो तर स्टेशनातले मोठे लॉकर सगळे भरलेले आणि रिकामे होते त्यांत आमची बॅग जाईना. बायको बॅगेवर बसून ओनिगिरी खातेय, म्हणजे तो त्रिकोणी भाताचा गोळा, आणि मी लॉकरची दारं ओढून बघतोय. नागोयाचं माझ्याकडे एवढंच आहे. नंतर कळलं की हॉटेलच्या काउंटरवरून बॅगा परस्पर पुढच्या हॉटेलात पाठवता येतात, बहुतेक दुसऱ्या दिवशी पोचतात. ‘ताक्क्यूबिन’ म्हणतात त्याला. हा शब्द लिहून घ्या.

तेव्हा आधी शहरं मोजू नका, मुक्काम हलवण्याचे दिवस मोजा. दहा रात्रींत दोनदा हललात तर ठीक. त्याहून जास्त झालं की सहल हमालीत जाते.

आता एक गोष्ट पैशाची. पूर्वी सात दिवसांचा रेल्वे पास २९,६५० येनला मिळायचा. पास काढला की तो वसूल करायला माणसं शहरं वाढवायची, हिरोशिमासुद्धा त्यातच उरकायची. ऑक्टोबर २०२३मध्ये तो एकदम ५०,००० येन झाला. टोकियो-क्योटो एकेरी भाडं साधारण चौदा हजार धरा. म्हणजे एवढ्या प्रवासाला पास परवडतच नाही. जुने प्रवासी यावरून कुरकुर करतात, मला तर बरं वाटलं. दुसरं म्हणजे टोकियोला परत येऊ नका. विमानाचं तिकीट काढतानाच उतरणं टोकियोला आणि निघणं ओसाकाजवळच्या कान्साई विमानतळावरून, असं बघा. समुद्रात भराव घालून केलेल्या बेटावर १९९४ साली तो सुरू झाला. क्योटोहून थेट गाडी आहे. परतीचा अर्धा दिवस वाचतो.

मग कोणती शहरं? टोकियोला पाच रात्री द्या. एवढ्या कशाला, असं वाटेल, पण टोकियो हे एक शहर नाहीच. यामानोते नावाची लोकल शहराच्या मध्याला गोल फेरी मारते, ३० स्टेशनं, तासाभरात जिथून निघाली तिथे परत. एकेका स्टेशनाला उतरलं की वेगळंच गाव लागतं. राहायला उएनो बरं, नारिता विमानतळाहून सोपं पडतं. तिथून जवळ असाकुसा. सगळे तिथलं मोठं लाल कंदिलाचं देऊळ बघून परततात. तुम्ही दहा-पंधरा मिनिटं पुढे चाला, नदीजवळ एका टेकाडावर मात्सुचियामा शोदेन लागेल. शोदेन म्हणजे आपला गणपती, बौद्ध धर्माबरोबर तिकडे गेलेला. मूर्ती गुप्त असते, दर्शन होत नाही. आणि नैवेद्य काय? मुळा. पांढरा, मांडीएवढा मुळा. देवळातच विकत मिळतो, तो वाहायचा. मोदक नेणारी आपण माणसं, मी मुळा हातात धरून पाच मिनिटं नुसता उभा होतो.

क्योटोला चार रात्री. ७९४पासून हजारभर वर्षं ही राजधानी. आणि ही देवळं, ही लाकडी घरं आज उभी आहेत त्याला एक कारण आहे. १९४५मध्ये अणुबॉम्बच्या लक्ष्यांच्या यादीत क्योटोचं नाव होतं. अमेरिकेचे युद्धमंत्री स्टिम्सन यांनी हट्टानं ते काढायला लावलं. त्या यादीत मग नागासाकी आलं. क्योटोत फिरताना ही गोष्ट डोक्यातून जात नाही. गर्दी मात्र फार. फुशिमी इनारी देवळाच्या लाल कमानी चोवीस तास उघड्या असतात, पहाटे सहाला जा. दहाला गेलात तर फक्त लोकांच्या पाठी दिसतील.

उरली एक रात्र. ती मी हिरोशिमाला देतो. बरेच जण क्योटोहून सकाळी जाऊन संध्याकाळी परततात, जेमतेम पावणेदोन तासांचा तर प्रवास. पण तिथल्या संग्रहालयात एक गंजलेली तीनचाकी सायकल आहे. तीन वर्षांच्या मुलाची. वडिलांनी ती त्याच्याबरोबरच अंगणात पुरली आणि चाळीस वर्षांनी उकरून संग्रहालयाला दिली. ते बघून बाहेर आल्यावर घड्याळ बघत गाडी पकडायला धावणं माझ्याच्यानं झालं नसतं. नदीकाठी बसायला वेळ हवा.

जाता जाता, त्याच मार्गावर ओकायामा लागतं. सिंहगड रस्त्यावरचं आपलं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या कोराकुएन बागेवरून केलंय, ती तिथली. पुणेकरांनी उतरावं आणि नावं ठेवावीत.

ओसाका? मुक्कामाला नको, जेवायला जा. क्योटोहून अर्ध्या तासात लोकलसारखी गाडी नेते. शाकाहारी असाल तर जपून, मिसो सूपमध्येसुद्धा बहुतेक वेळा माशाचा अर्क असतो. त्यापेक्षा क्योटोत देवळातलं भिक्षूंचं जेवण घ्या, शोजिन र्योरी. महाग पडतं, पण निर्धास्त.

ते जोडपं परवा पुन्हा आलं होतं. नागोया गेलं, परतीचं टोकियोही गेलं. ओसाकावर मात्र दोघांचं अजून जमत नाही. वहिनी म्हणतात सोडा, आणि साहेबांना, गड-किल्ले फिरणारा माणूस, ओसाकाचा किल्ला बघितल्याशिवाय परत यायचं नाही. आताचा तो किल्ला १९३१ साली काँक्रीटमध्ये बांधलाय आणि आत लिफ्ट आहे, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.