उगमाचं पाणी

नमस्कार श्रोतेहो.

जुलै म्हणजे आमच्या खानापुरात छत्री, चिखल आणि वाळता न वाळणारे कपडे. कणकुंबीकडं तर झड लागली की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. काश्मीरच्या डोंगरात मात्र त्याच जुलैत उन्हाळा असतो, तोही जेमतेम अडीच-तीन महिन्यांचा. तेवढ्या दिवसांत बर्फ वितळून खिंडी मोकळ्या होतात आणि उंचावरच्या तळ्यांपर्यंत माणसाला पोचता येतं. आम्ही पाचजणी, शाळेपासूनच्या मैत्रिणी, काही वर्षांपूर्वी पाठीवर सॅक टाकून तिकडं जाऊन आलो. एक बैलहोंगलची, कन्नड घरातली. बाकी आम्ही खानापूर-बेळगावच्या. मी भूगोल शिकवते. पण त्या आठवड्यात जे शिकले ते पुस्तकात नव्हतं, म्हणून आज सांगायला बसले आहे.

तयारी येळ्ळूरच्या राजहंसगडावर केली. मे महिन्यात पहाटे पाचला सॅकमध्ये दहा-दहा किलो तांदूळ भरून गड चढायचा आणि उतरायचा. पाय तयार झाले. दमाची गोष्ट वेगळी. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर, आणि आम्हाला ओलांडायच्या खिंडी ४,००० मीटरच्या वरच्या. तिथं हवेचा दाब समुद्रकाठच्या मानानं साठ टक्क्यांच्या आसपास उरतो. छाती भरून श्वास घेतला तरी पुरत नाही.

सोनमर्गहून चढायला लागलं की आधी भूर्जाची झाडं लागतात. पांढरी, कागदासारखी सुटणारी साल. भूर्जपत्र हा शब्द मी वीस वर्षं वर्गात उच्चारत होते, ते झाड त्या दिवशी पहिल्यांदा हाताला लागलं. पुढं निचनाईच्या मुक्कामावर आमच्यातल्या एकीचं डोकं दुखायला लागलं. आपल्यामुळं सगळ्यांचा खोळंबा नको म्हणून ती गप्प राहिली. रात्री उलट्या झाल्या तेव्हा आम्हाला कळलं. वाटाड्यानं लगेच सांगितलं, उद्या कुणी वर जायचं नाही. एक अख्खा दिवस आम्ही तंबूत बसून काढला, आणि दुसऱ्या सकाळी ती स्वतःच चहा करायला उठली. श्रोतेहो, तुमच्यापैकी कुणी उंचावर जाणार असेल तर हे लक्षात ठेवा. ३,००० मीटरच्या पुढं झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरहून जास्त वाढवू नये. आणि डोकं दुखलं तर त्याच क्षणी सोबत्यांना सांगावं. मनात ठेवलं तर जिवावर बेततं.

निचनाईची खिंड उतरून दुपारी आम्ही विशनसरला पोचलो. सर म्हणजे तळं. विशनसर विष्णूचं, त्याच्या वर किशनसर कृष्णाचं. तळं दिसल्यावर कुणीच काही बोललं नाही. मग बैलहोंगलची हळूच म्हणाली, "भाळ चलो ऐती," म्हणजे फार छान आहे. ते पाणी निळं म्हणावं तर हिरवं, हिरवं म्हणावं तर निळं. हिमनदी डोंगर खरवडत खाली येते, तेव्हा ती दगडाचं पीठ करते. दळणाच्या पिठाहूनही बारीक. ते पाण्यात तरंगत राहतं आणि त्यावर ऊन पडलं की असा रंग उमटतो. ते तळंही हिमनदीनंच कोरलेलं, ओंजळीसारखं.

आता माझ्या हातून काय झालं ते सांगते. जेवणं झाली. मी खरकटी पातेली आणि साबण घेऊन थेट काठावर जाऊन बसले. घरी नदीवर बसतात तशीच. पहिलं पातेलं बुडवलं आणि भाताची शितं पाण्यावर पसरली. तेवढ्यात पाठीमागून एक म्हातारी आली. बकरवाल होती. निपाणी-चिकोडीकडचे धनगर मेंढरं घेऊन फिरतात ना, तसे हे लोक दर उन्हाळ्यात जम्मूकडून शेळ्या-मेंढ्या हाकत वरच्या कुरणांत येतात. तिनं माझ्या हातातलं पातेलं काढून घेतलं. दुसरं, स्वच्छ पातेलं पाण्यात बुडवून भरलं आणि तळ्याकडं पाठ करून चालायला लागली. मी मागोमाग. गवतात बऱ्याच लांब जाऊन तिनं पातेलं खाली ठेवलं, घास म्हणून हातानं खूण केली. मग तिच्या भाषेत एक वाक्य बोलली. वाटाड्यानं सांगितलं, "खाली पण कुणीतरी हे पाणी पितं, असं म्हणाली."

मला फार लाज वाटली. विशनसर हा किशनगंगेचा उगम. तीच नदी पुढं नियंत्रणरेषेपलीकडं जाते, तिथं तिला नीलम म्हणतात, आणि मुझफ्फराबादजवळ ती झेलमला मिळते. हे सगळं मला पाठ होतं, फळ्यावर काढूनही दाखवलं असतं. तरी मी साबण घेऊन काठावर बसले होते. इतक्या थंड पाण्यात घाण कुजायलाही वेळ लागतो. पाण्यापासून निदान ७० पावलं लांब जाऊन धुवावं, शौचालाही तेवढंच लांब जावं, हा साधा नियम आहे. त्या दिवसापासून आम्ही पावलं मोजू लागलो. संध्याकाळी म्हातारीला बेळगावचा कुंदा नेऊन दिला. थंडीनं तो दगडासारखा झाला होता. तिनं दाढेखाली धरून सावकाश विरघळवला आणि आम्हाला मीठ घातलेला गुलाबी चहा पाजला.

पुढच्या दिवसांतलं थोडक्यात सांगते. गडसरची खिंड चढताना मागं वळून पाहिलं की किशनसर आणि विशनसर दोन्ही एकदम दिसतात. वाटेत लष्कराच्या चौक्या आहेत, तिथं आधार कार्ड दाखवून नोंद करावी लागते. शेवटी हरमुखाच्या पायथ्याशी गंगाबळ. काश्मिरी पंडित या तळ्याला गंगा मानतात, आपल्या माणसांच्या अस्थी इथं आणून सोडतात. भूगोलाच्या बाईला हरमुख आणखी एका कारणासाठी बघायचा होता. १८५६ साली मॉन्टगोमेरी या सर्वेक्षकानं इथूनच, २०० किलोमीटरहून लांबची दोन शिखरं टिपून त्यांना के-वन आणि के-टू अशी नावं दिली. काराकोरम पर्वतरांगेचा के. आम्हाला ती दिसली नाहीत, ढग होते. पण मी बराच वेळ त्या दिशेला बघत उभी राहिले.

परत आल्यावर ऑगस्टमध्ये आठवीच्या मुलींना घेऊन कणकुंबीला गेले. मलप्रभेचा उगम तिथं, माउलीच्या देवळाजवळ. पावसात सगळ्या चिंब, पाय चिखलानं माखलेले. एक मुलगी कुंडात पाय धुवायला वाकली. मी तिला थांबवलं. तांब्या भरून घेतला, दोघी मिळून ७० पावलं मोजत बाजूला गेलो आणि तिथं तिचे पाय धुतले. तिनं विचारलं, "बाई, हे पाणी पुढं कोण पितं?"

मी नावं सांगत गेले. आधी आपलं खानापूर. मग एम. के. हुबळी. सौंदत्तीजवळचं नविलुतीर्थाचं धरण. सौंदत्तीजवळचं नविलुतीर्थाचं धरण. पट्टदकल, ऐहोळे, आणि कूडलसंगमला कृष्णा. भिजत उभं राहून तिनं ती नावं बोटांवर मोजली. एक चुकलं, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

नमस्कार.