चार अक्षरं आणि एक काना

(पहिलीचा वर्ग. फळ्यावर क, म, न, ल. बाजूला लाल खडूनं काढलेला काना.)

चार अक्षरं आणि एक काना. वाचन शिकवायला एवढ्यापासून सुरुवात केली, तर त्यात किती मराठी मावतं बघा. कान, नाक, मान. काका, मामा, मका. काम, काल, लाल, कमान. 'ला' हा प्रत्ययसुद्धा याच अक्षरांत बसतो, म्हणून 'मला', 'मामाला', 'काकाला' हेही फुकटात मिळतात. काही दिवसांतच मूल आपलं आपण वाचतं: "मामाला नाक. मामाला कान."

आता वर्णमालेच्या क्रमानं जाऊ. क, ख, ग, घ, ङ. पाच अक्षरं झाली, पण शब्द? 'ङ'वरून मुलाला सांगावा असा एकही शब्द नाही. 'खग' म्हणजे पक्षी हे सहा वर्षांच्या मुलाला कोण सांगणार? काना तर थेट बाराखडीत भेटतो. तोवर मूल महिनोन्महिने अक्षरं म्हणतं, वाचत काहीच नाही. वर्णमालेची रचना उच्चारांच्या जागांनुसार केलेली आहे, सुरेखच आहे. पुढे शब्दकोश उघडताना ती लागते. वाचनाची सुरुवात मात्र तिच्यापासून करायचं कारण नाही.

(दोन कार्डं: 'मा' आणि 'न'.)

कार्डं हातभर अंतरावर धरलेली. बाई 'मा' म्हणतात आणि आवाज न तोडता कार्ड सरकवत नेतात: माऽऽऽन.

बहुतेक मुलं अडतात ती इथेच. 'क', 'म', 'ल' तिन्ही ओळखतात, तरी 'कमल' ऐकू येत नाही. कारण सुटं म्हणताना 'ल'मधला 'अ' पूर्ण उच्चारला जातो आणि बोलताना तो आपण गिळतो. यावरचा उपाय फळ्यावर नाही, कानात आहे. धड्याआधी पाच मिनिटं, काहीही न लिहिता: "का... न. कोणता शब्द?" मग उलट: "'काम', 'कान', 'मका'. शेवटी 'म' कशात ऐकू आला?"

आणखी एक जुनी सवय: "म ला काना मा". लिहिताना ती उपयोगी पडते. वाचताना मात्र एका 'मा'साठी चार शब्द बोलावे लागतात, आणि ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते.

(पाटीवर: मी, आजी, पाणी.)

दुसरी वेलांटी पहिल्या वेलांटीच्या आधी घ्यावी. ती अक्षरानंतर येते, म्हणजे ज्या क्रमानं ऐकू येते त्याच क्रमानं दिसते. 'कि'मधली वेलांटी डोळ्याला आधी भेटते, कानाला नंतर, आणि मूल 'इक' वाचून बसतं. शिवाय 1962च्या लेखननियमांप्रमाणे मराठी शब्दाच्या शेवटी सहसा दीर्घच येते, तेव्हा शब्दांची वाण पडत नाही.

घ आणि ध, भ आणि म, थ आणि य या जोड्या एका आठवड्यात आणू नयेत. एक पक्कं होऊ द्यावं, मग दुसरं. 'ध' आणि 'भ' यांची शिरोरेषा कुठे तुटते, तिथे मुलाचं बोट फिरवून घ्यावं.

वऱ्हाडातलं मूल 'डोळा' ऐवजी 'डोया' लिहील. त्यावर लाल फुली नको. त्यानं घरी जे ऐकलं ते अचूक लिहिलंय. 'डोया' राहू द्यावं, शेजारी 'डोळा' लिहावा आणि दोन्ही मोठ्यानं वाचून घ्यावेत.

(सगळा वर्ग एका सुरात वाचतो.)

हा सूर फसवा असतो. तीस आवाजांत पाच वाचणारे, बाकीचे त्यांच्यामागून. पाठ झालेला धडा पुस्तक उलटं धरूनही म्हणता येतो. म्हणून फळ्यावर कधीच न आलेले, अर्थ नसलेले शब्द द्यावेत: 'लाक', 'मनाल', 'नाकम'. एकेकाला जवळ बोलवून, दोन-तीन मिनिटांत. ज्याला जोडता येतं तो हसत वाचतो. ज्यानं पाठ केलंय तो 'लाक'ला 'नाक' म्हणतो.

केंद्र सरकारच्या 'निपुण भारत' या पायाभूत साक्षरता अभियानाच्या उद्दिष्टांत दुसरीच्या वर्गासाठी मिनिटाला 45 ते 60 शब्द असा वेग दिला आहे. घड्याळ लावायला हरकत नाही, पण मिनिट संपल्यावर एक प्रश्न विचारायचाच: "मामाला काय काय आहे?" मूल उत्तर न देता पुन्हा ओळीवर बोट ठेवून शोधू लागलं, तर घड्याळ बाजूला ठेवून त्याला शोधू द्यावं.