फिलर घेण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

तुळशीचे लग्न लागले की सोलापुरात लग्नसराईची लगबग सुरू होते, नवी पेठेत खरेदीला गर्दी होते, आणि त्याच सुमारास त्वचारोगतज्ज्ञांना विचारले जाते की ओठ थोडे भरून मिळतील का, डोळ्यांखालचे खड्डे बुजतील का. हे काम ज्या इंजेक्शनने होते त्याला फिलर म्हणतात. बोटॉक्स हे त्याहून वेगळे औषध आहे; ते स्नायूंची हालचाल कमी करते, तर फिलर त्वचेखालची जागा प्रत्यक्ष भरून काढते.

फिलरच्या एका सिरिंजमध्ये सहसा सुमारे १ मिलिलिटर पारदर्शक जेल असते. बहुतेक फिलरमध्ये हायलुरॉनिक ॲसिड असते. हा पदार्थ आपल्या त्वचेत मुळातच असल्यामुळे शरीर तो हळूहळू विरघळवते आणि परिणाम साधारण ६ ते १८ महिने टिकतो. सूज, लाली, दुखरेपणा, काळेनिळे डाग हे नेहमीचे दुष्परिणाम असून ते बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरतात. म्हणूनच हळदीच्या तोंडावर फिलर घेऊ नये, मध्ये निदान महिनाभर तरी जाऊ द्यावा.

खरी काळजी वेगळ्याच गोष्टीची आहे. जेल चुकून रक्तवाहिनीत शिरले किंवा तिच्यावर त्याचा दाब पडला, तर पुढच्या त्वचेचा रक्तपुरवठा तुटतो. असे क्वचितच घडते, पण घडले तर वेळ फार थोडा हाती असतो. नेहमीपेक्षा जास्त व वाढत जाणारी वेदना, त्वचेवर पांढुरका पट्टा, नंतर जाळीदार निळसर-जांभळी छटा ही त्याची लक्षणे आहेत. सावळ्या त्वचेवर हा रंगबदल चटकन ध्यानात येत नाही, म्हणून डॉक्टर बोटाने त्वचा दाबून सोडतात: निरोगी जागी फिकटपणा दोनेक सेकंदांत जाऊन रंग परततो, रक्तपुरवठा अडलेल्या जागी तो रेंगाळतो.

नाक, दोन भुवयांमधील जागा आणि कपाळ येथे धोका अधिक असतो, कारण तेथील रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या असतात. जेल उलट दिशेने तेथवर पोहोचले, तर दृष्टिपटलाला साधारण ६० ते ९० मिनिटांत कायमची इजा होऊ शकते, आणि गेलेली दृष्टी परत मिळाल्याची उदाहरणे फार थोडी आहेत. इंजेक्शननंतर एका डोळ्याने अंधुक दिसू लागले, डोळा दुखू लागला किंवा बोलणे अडखळू लागले, तर सकाळपर्यंत वाट न पाहता त्याच क्षणी डॉक्टरांना कळवून मोठे रुग्णालय गाठले पाहिजे.

हायलुरॉनिक ॲसिडच्या फिलरवर उतारा आहे. हायलुरॉनिडेझ नावाचे विकर (एन्झाइम) ते जेल विरघळवते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत भूल नीट पसरावी म्हणून नेत्रतज्ज्ञ तेच औषध फार पूर्वीपासून वापरत आले आहेत. ते दवाखान्यात आत्ता आहे का, हा प्रश्न दर विचारण्याच्या आधी विचारावा, आणि उत्तर देताना चाचरणाऱ्याकडून इंजेक्शन घेऊ नये. कॅल्शियम हायड्रॉक्सिलॲपटाइटच्या फिलरला असा उतारा नाही. द्रवरूप सिलिकॉन तर कायम राहते आणि वर्षांनंतरही गाठी निर्माण करू शकते. ते चेहऱ्यात भरून घेऊच नये. सुईविना जेल आत ढकलणाऱ्या पेनविरुद्ध अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ मध्येच इशारा दिला आहे.

सोलापूरकरांसाठी आणखी एक बाब महत्त्वाची आहे. पुण्याला किंवा हैदराबादला जाऊन फिलर घ्यायचे आणि त्याच संध्याकाळी गाडीने परतायचे, हा बेत सोयीचा वाटतो. परंतु लक्षणे काही तासांनीही दिसू शकतात, आणि पुण्याहून परतताना कुर्डुवाडीच्या आसपास वेदना वाढू लागली तर डॉक्टर मागे राहिलेले असतात. ती रात्र तेथेच काढावी, अथवा आपल्या शहरातील नोंदणीकृत त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लॅस्टिक सर्जन निवडावा. ब्युटी पार्लरमध्ये हे इंजेक्शन घेण्याचा विचारही करू नये.

गर्भारपण, स्तनपान, ओठांवर वारंवार येणारी नागीण, आधीचे फिलर आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांची माहिती डॉक्टरांना आधीच द्यावी. त्या गोळ्या मात्र मनाने बंद करू नयेत. संमतिपत्र इंग्रजीत असेल, तर सही करण्यापूर्वी ते मराठीत, तेलुगूत किंवा कन्नडमध्ये, जी घरची भाषा असेल तीत, समजावून मागावे. सीलबंद खोके आपल्यासमोर उघडायला सांगावे आणि त्यातील बॅच क्रमांकाच्या चिकटपट्टीचे छायाचित्र तारखेसह जपून ठेवावे, कारण काही महिन्यांनी गाठ किंवा सूज आली, तर आत नेमके कोणते फिलर आहे यावरच पुढचा उपचार ठरतो.