स्नेअरचा भरीव आवाज: माइक लावण्याआधी

मंडळी, माइक कुठे लावायचा हा आजचा विषय, आणि त्यावर मी बोलणारच आहे. पण आधी चिकटपट्टीबद्दल बोलू द्या, कारण निम्मे स्नेअर, म्हणजे खाली तारा लावलेले ते ड्रम, तिथेच गारद होतात.

एका रेकॉर्डिंगला मी हजर होतो. स्नेअर १४ इंची, साडेसहा इंच खोल, पितळी. वाजवणाऱ्याचा हात असा सुरेख, की बॅकबीटच्या, म्हणजे दुसऱ्या-चौथ्या मात्रेवरच्या जोरकस ठोक्यांच्या, मधल्या जागा डाव्या हाताच्या हलक्या घोस्ट नोट्सनी, म्हणजे जेमतेम ऐकू येणाऱ्या ठोक्यांनी, भरून निघत होत्या. खोलीत उभं राहून ऐकताना अंगावर काटा येत होता. रेकॉर्डिस्ट आला आणि एकही ठोका न ऐकता त्याने वरच्या हेडवर (पुडीवर) टेपचे तीन तुकडे चिकटवले. वर घडी केलेलं फडकं. मग रिमला, म्हणजे काठाच्या कड्याला, खेटून माइक, आणि त्यावर गेट: ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारं यंत्र. गेटने घोस्ट नोट्स गिळल्या, फडक्याने घुमारा गिळला. मिक्सच्या वेळी तोच म्हणतो, ‘स्नेअरला बॉडी नाही.’ आणि खाली तयार सँपल चिकटवलं! स्वतःच्या ड्रमचा आवाज आधी आपणच मारायचा आणि मग परक्या ड्रमचा उसना आणायचा, हे मला अजून पचलेलं नाही.

हात वर करा: रेकॉर्डिंगआधी ड्रमपासून चार पावलं लांब उभं राहून कोण कोण ऐकतं? बघा, मागच्या रांगेत जास्त हात आहेत. बहुतेक तिथे ड्रमर बसलेत.

टेप लावायचा मोह होतो तो सोलो बटणामुळे, म्हणजे एकच माइक सुटा ऐकल्यामुळे. रिमजवळच्या माइकला वरचे स्वर, ती ‘टँऽग’, फार मोठी ऐकू येते. थोडं लांब गेलं की ती ठोक्यात मिसळते, आणि गिटार-बास सुरू झाले की तिचाच आधार वाटतो. तरीही खटकलीच, तर आधी ट्यूनिंग बघा. प्रत्येक टेन्शन रॉडपासून (हेड ताणणाऱ्या स्क्रूपासून) इंचभर आत काठीने हलकेच टिचकी मारायची. सगळीकडे एकच सूर यायला हवा. खालच्या तारा फार आवळू नका, आवाज गुदमरतो. आणि शेजारचा टॉम ड्रम वाजल्यावर तारा झणझणतात, त्या झणझणू द्या! ड्रमसेट एका खोलीत वाजतोय हे त्यातूनच तर कळतं.

घड्याळ दाखवतायत. ठीक, आता भराभर.

आधी ओव्हरहेड, म्हणजे ड्रमसेटच्या वर लावलेले दोन माइक. स्नेअरच्या मध्यापासून दोन्ही सारख्या अंतरावर, दोरीने मोजून. आवाज त्यांच्यातच उभा करा, जवळचा माइक नंतर. जवळचा माइक म्हणून एसएम ५७ चालेल, १९६५ पासून चालतोय: रिमच्या वर तीन-चार सेंटिमीटर, तोंड मध्याकडे, पाठ हाय-हॅटकडे (पायाने मिटणाऱ्या झांजांकडे), कारण त्याच्यासारख्या कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणाऱ्या, माइकला पाठीमागचं सर्वांत कमी ऐकू येतं.

आता हे नीट ऐका. ओव्हरहेड जवळच्या माइकपेक्षा साधारण ८५ सेंटिमीटर लांब असेल, तर तिथे आवाज अडीच मिलिसेकंद उशिरा पोचतो. २०० हर्ट्झच्या लाटेचा अर्धा फेरा तेवढाच. दोन्ही माइक मिसळले की नेमका तोच भाग पडतो, आणि स्नेअरचा भरीवपणा असतो तो साधारण तिथेच. इक्वलायझरने तो परत येत नाही. जवळच्या माइकची पोलॅरिटी, म्हणजे लाटेची वर-खाली दिशा, उलटून बघा. ज्या बाजूला आवाज जाड होईल, ती ठेवा.

खालचा माइक लावलात तर त्याची पोलॅरिटी वरच्या माइकच्या उलट ठेवा, कारण ठोका पडताना वरचं हेड वरच्या माइकपासून लांब जातं आणि खालचं खालच्या माइककडे येतं. कॉम्प्रेसर, म्हणजे मोठा आवाज दाबणारं यंत्र, लावलात तर त्याचा अटॅक (दाबायला घेतलेला वेळ) २०-३० मिलिसेकंद, म्हणजे काठीचा ठोका अखंड सुटतो. गेट नकोच. खालच्या माइकचा फेडर शेवटी, हळूहळू वर न्या. तारा वेगळ्या ऐकू येऊ लागल्या की किंचित मागे घ्या.