हातानं दाखवा, तोंडानं मोजा

साल 1980. अमेरिकेतल्या एमआयटीमधली एक खोली. समोर भिंतभर पडदा. खुर्चीतल्या माणसाच्या मनगटावर चुंबकीय सेन्सर. तो एका आकाराकडे हात करून म्हणतो, ‘ते...’ मग हात दुसरीकडे वळवतो, ‘...तिथं ठेव.’ आकार तिथं जाऊन बसतो.

रिचर्ड बोल्ट यांचा हा प्रयोग, ‘पुट दॅट देअर’. तो ज्या गटात झाला, त्याचं नाव आर्किटेक्चर मशीन ग्रुप. आर्किटेक्चर शिकलेल्या निकोलस निग्रोपाँटे यांनी तो 1967 मध्ये सुरू केला होता. संगणकानं आर्किटेक्टचा जोडीदार व्हावं, ही तिथली धडपड.

पुढं व्हीपीएल कंपनीचा डेटाग्लव्ह आला. हातमोज्यातल्या प्रकाशतंतूंवरून बोट किती वाकलं ते कळायचं. आज हातमोजाही लागत नाही. डोळ्यांवर चढवायच्या हेडसेटचे कॅमेरे बोटं ओळखतात. हेडसेटमध्ये इमारतीचं मॉडेल दिसतं; अंगठा आणि तर्जनीची चिमूट केली की त्यातली भिंत पकडली, हात सरकवला की भिंत सरकली, चिमूट सोडली की थांबली.

पण नेमकी सोडतानाच गडबड होते. बोटं उघडताना हात जरासा हलतोच. समोर 1:50 प्रमाणातलं मॉडेल असेल, तर हाताचा एक मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्ष इमारतीत पाच सेंटिमीटर. तेवढ्यानं बाथरूमचं दार कमोडला अडतं. त्यामुळं नुसत्या हातवाऱ्यांवर इमारत बेतता येईल, असं मला वाटत नाही. कुठली भिंत, कुठल्या बाजूला, हे हातानं दाखवावं. किती, ते तोंडानं सांगावं. ‘ही भिंत इकडे, तीनशे मिलिमीटर.’ साइटवर मिस्त्रीशी बोलताना आर्किटेक्ट हेच तर करतो! हात आणि आवाज यांची जोडी तोडून केवळ हाताच्या खुणा वाढवत नेल्या, तर त्या पाठ करण्यातच डोकं अडकतं आणि घराचा विचार बाजूला राहतो.

दुसरा प्रश्न खांद्याचा. माऊस धरलेल्या हाताला टेबलाचा आधार असतो. हवेत उचललेला हात काही मिनिटांतच भरून येतो. या क्षेत्रातली मंडळी त्याला ‘गोरिला आर्म’ म्हणतात. 2024 मध्ये बाजारात आलेल्या ॲपल व्हिजन प्रो या हेडसेटमध्ये खाली पाहणारे कॅमेरेही आहेत. नजरेनं वस्तू निवडायची आणि हात मांडीवर ठेवूनच चिमूट करायची. दिवसभर नकाशांवर बसणाऱ्या माणसाला हवी आहे ती ही सोय.