जाळी आणि पट्टी

पट्टी ओढून पाहणाऱ्या यंत्राच्या दोन जबड्यांत उभी धरलेली ही पोलादी पट्टी दिसायला साधी आहे. तिच्या मध्यभागी एक गोल भोक आहे आणि संपूर्ण पृष्ठभागाला पांढरा रंग देऊन त्यावर काळ्या रंगाचे बारीक शिंतोडे उडवले आहेत. शेजारच्या पडद्यावर याच पट्टीचे संगणकीय मॉडेल आहे. तिथे पट्टीचा बहुतेक भाग निळा, म्हणजे कमी ताणाचा दिसतो. मात्र भोकाच्या डाव्या आणि उजव्या कडेशी, म्हणजे ओढीच्या दिशेला काटकोनात, तो निळा रंग हिरवा, पिवळा होत अखेर गडद लाल, म्हणजे सर्वाधिक ताणाचा होतो. अभियांत्रिकी रचनेचे आजचे संशोधन फार मोठ्या प्रमाणावर अशा रंगीत चित्रांच्या आधारे चालते. हे चित्र कसे तयार होते आणि त्यावर विसंबण्याआधी काय करावे लागते, हे आपण या माहितीपटात या पट्टीच्या सोबतीने पाहणार आहोत.

मॉडेल बांधण्याची सुरुवात काय गाळायचे हे ठरवण्यापासून होते. पट्टीवरचे ओरखडे, भोक पाडताना कडेला उरलेली बर (धातूची खरखरीत कोर), पोलादाची पत्रा-पट्टी लाटताना आत राहून गेलेले ताण, जबड्यांची किंचित होणारी हालचाल, हे सारे येथे गाळले आहे. पोलाद सगळीकडे एकसारखे आहे आणि ओढ अगदी सरळ रेषेत आहे, असे मानले आहे. आता दिसते आहे ती या गृहीतकांची नोंदवही. प्रत्येक गृहीतकासमोर ते का धरले आणि ते चुकीचे निघाल्यास उत्तर कोणत्या दिशेने सरकेल, हे लिहिलेले आहे. संशोधनाचा खरा कस या पानांवर लागतो, आणि दुर्दैवाने प्रसिद्ध होणाऱ्या कित्येक निबंधांत नेमकी हीच पाने नसतात.

यानंतर येते जाळी, म्हणजेच मेश. अखंड पट्टीचे हजारो लहान तुकडे केले जातात. या तुकड्यांना एलिमेंट आणि ते जिथे एकमेकांना जोडलेले असतात त्या बिंदूंना नोड म्हणतात. भोकापासून दूर, जिथे ताण जवळपास सारखा असतो, तिथे मोठे तुकडे चालतात. भोकाच्या कडेला मात्र ते बारीक करत न्यावे लागतात, कारण तिथे ताण थोड्याशा अंतरात झपाट्याने बदलतो. लोड दिल्यावर प्रत्येक नोड किती सरकेल हे अज्ञात असते. एका एलिमेंटचा कडकपणा काढणे सोपे असते. सगळ्यांचे कडकपणे एकत्र मांडले की हजारो समीकरणांचा एक संच तयार होतो आणि तो सोडवणे हे संगणकाचे काम. संगणक आधी नोडचे सरकणे काढतो, त्यावरून ताण काढतो आणि सर्वांत शेवटी रंग भरतो.

ही विचारसरणी संगणकापेक्षा जुनी आहे. १९१० साली इंग्रज शास्त्रज्ञ लुईस फ्राय रिचर्डसन यांनी दगडी धरणातील ताण काढण्यासाठी धरणाच्या छेदावर चौकटींची जाळी आखली आणि अवकल समीकरणांच्या जागी साधी बेरीज-वजाबाकी आणली. ही आकडेमोड मुले हाताने करीत असत. त्यांना कामाच्या नगावर पैसे मिळत. रिचर्डसन यांनी नोंदवले आहे की सर्वांत चपळ मुलांपैकी एक जण तीन अंकी संख्यांवर आठवड्याला सरासरी २,००० क्रिया करीत असे, आणि चुकलेल्या क्रिया त्यातून वजा केल्या जात. पुढे १९४३ मध्ये गणितज्ञ रिचर्ड कुरांट यांनी क्षेत्राचे त्रिकोणी तुकडे पाडून उत्तर काढण्याची रीत मांडली. १९५६ मध्ये टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांनी विमानाच्या पंखांसारख्या गुंतागुंतीच्या रचनांचा कडकपणा काढण्यासाठी अशीच पद्धत वापरली आणि १९६० साली रे क्लफ यांनी तिला फायनाइट एलिमेंट हे नाव दिले. त्या मुलांचे आठवड्याचे काम आज डोळ्याचे पाते लवण्याच्या आत होते. चूक हुडकून वजा करण्याची ती शिस्त मात्र कोणतेही सॉफ्टवेअर आपोआप पाळत नाही.

ती शिस्त कशी पाळतात, ते आता पाहू. पडद्यावर एकाच पट्टीच्या चार जाळ्या आहेत, प्रत्येक आधीपेक्षा बारीक. पहिल्या जाळीत भोकाच्या कडेचा ताण बराच कमी दिसतो, दुसऱ्या जाळीत तो वाढतो, तिसऱ्या आणि चौथ्या जाळीत जवळजवळ बदलत नाही. उत्तर असे स्थिरावले म्हणजे समीकरणे नीट सुटली, एवढे म्हणता येते. पट्टीच्या बाबतीत ताडून पाहण्यासाठी आणखी एक आधार आहे. जर्मन अभियंते किर्श यांनी १८९८ साली कागदावर सिद्ध केले होते की भोकाच्या मानाने पट्टी खूप रुंद असेल, तर कडेचा ताण दूरच्या ताणाच्या बरोबर तिप्पट होतो. संगणकाचे उत्तर या तिपटीच्या जवळ येत नसेल, तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

आता गोल भोकाच्या जागी चौकोनी भोक घेतले आहे, त्याचे आतले कोपरे अगदी टोकदार आहेत. जाळी बारीक केली, ताण वाढला. आणखी बारीक केली, आणखी वाढला. येथे उत्तर कधीच स्थिरावणार नाही, कारण लवचीक पदार्थाच्या गणितात टोकदार आतल्या कोपऱ्यावर ताणाला मर्यादाच नसते. प्रत्यक्षात एवढा टोकदार कोपरा कोणत्याही हत्याराने पाडता येत नाही आणि पोलादही त्यापूर्वीच तिथे थोडेसे नमते. अशा कोपऱ्यावरचा एखादा आकडा उचलून 'कमाल ताण' म्हणून कोष्टकात टाकला, तर तो आकडा पट्टीबद्दल काही सांगत नाही, तो फक्त जाळीच्या बारीकपणाबद्दल सांगतो. हा दोष डोळ्यांना दिसत नाही. चित्र तितकेच सुबक उमटते.

पुढची दृश्ये मोटारीच्या धडकेची आहेत. डावीकडे प्रत्यक्ष धडक, अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपलेली. उजवीकडे तीच धडक संगणकात. एवढ्या वेगवान घटनेचे गणित काळाचेही तुकडे पाडून करावे लागते. पोलादातून ध्वनी सेकंदाला सुमारे ५ किलोमीटर वेगाने जातो, आणि जाळीतला सर्वांत लहान तुकडा ओलांडायला त्याला जितका वेळ लागतो, त्याहून मोठे पाऊल काळात टाकले तर गणित कोसळते. कुरांट, फ्रीड्रिक्स आणि लेवी यांनी १९२८ सालीच ही मर्यादा दाखवली होती. तुकडा ५ मिलिमीटरचा असेल तर पाऊल सेकंदाच्या दहालाखाव्या भागाचे होते, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागात संपणाऱ्या धडकेसाठी १ लाख पावले. पुढचा लांबट पत्रा घडीघडीने कसा दुमडतो, हे दोन्ही चित्रांत पाहावे. हे साम्य फुकट मिळालेले नाही. वेल्डच्या ठिपक्यांची ताकद, वेगाने ओढल्यावर पोलादाच्या बळकटीत होणारी वाढ, पत्रा दाबून आकार देताना कमी झालेली त्याची जाडी, यांतील प्रत्येक गोष्ट वेगळ्या चाचणीत मोजून मॉडेलमध्ये भरावी लागते.

हे रेखाचित्र नॉर्वेतील स्लाइपनर ए या तेल-वायू फलाटाच्या काँक्रीटच्या पायाचे आहे. त्यात २४ पोकळ कोष एकमेकांना चिकटून उभे होते आणि तीन कोष जिथे भेटत, तिथे त्रिकोणी पोकळी तयार होई. या पोकळ्यांत पाणी असे, आणि त्याचा दाब भिंतींवर येई. भिंतींचे गणित ज्या जाळीवर केले, तिचे तुकडे त्या जागी पुरेसे बारीक आणि योग्य आकाराचे नव्हते. परिणामी भिंतीतला कातरताण, म्हणजे तिचे थर एकमेकांवरून सरकवू पाहणारा ताण, ४७ टक्क्यांनी कमी धरला गेला आणि सळ्या त्या हिशेबाने अपुऱ्या पडल्या. २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्टावांगरजवळच्या खाडीत चाचणीसाठी पाया खाली उतरवताना भिंत फुटली आणि तो बुडाला; जीवितहानी झाली नाही, नुकसान सुमारे ७० कोटी डॉलरचे होते. नंतर नीट जाळी घेऊन केलेल्या गणितात ६२ मीटर खोलीवर भिंत फुटेल असे उत्तर आले. प्रत्यक्षात ती ६५ मीटरला फुटली होती. पद्धत तीच होती. ती काळजीने वापरली तेव्हा तिने तीन मीटरच्या फरकाने सत्य सांगितले.

आता यंत्र सुरू झाले आहे. समोरचे दोन कॅमेरे पट्टीवरच्या शिंतोड्यांचे फोटो सतत घेत आहेत. शिंतोड्यांचा प्रत्येक लहान गट किती आणि कुठे सरकला, हे संगणक फोटोंवरून हुडकतो आणि पट्टी प्रत्येक जागी किती ताणली गेली याचा नकाशा काढतो. मॉडेलच्या नकाशात भोकाच्या डाव्या-उजव्या बाजू अगदी सारख्या आहेत. मोजलेल्या नकाशात उजवी बाजू जास्त ताणलेली दिसते. पट्टी जबड्यात किंचित तिरकी बसली आहे, आणि ओढीबरोबर तिला थोडा बाकही मिळतो आहे. 'ओढ अगदी सरळ रेषेत' हे वहीतले गृहीतक इथे उघडे पडले. संशोधक आता मोजलेला तिरकेपणा मॉडेलमध्ये घालून गणित पुन्हा करतात. उत्तर जुळेपर्यंत पोलादाचे गुणधर्म हवे तसे फिरवण्याची सोपी वाट त्यांच्यासमोर असते. ती त्यांनी घेतलेली नाही, आणि म्हणूनच हे चित्रीकरण आम्ही कापले नाही.

हाडासारखा दिसणारा हा आधार माणसाने रेखाटलेला नाही. जिथे साहित्याचा उपयोग नाही तिथून ते काढत जाण्याची ही रीत १९८८ मध्ये बेंडसो आणि किकुची यांनी मांडली, आणि २०१७ मध्ये डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठातील संशोधकांनी १ अब्जाहून अधिक सूक्ष्म घनांत विभागलेल्या विमानाच्या पंखाची अंतर्रचना अशा रीतीने शोधली. येथे संगणक नुसता तपासनीस राहत नाही, तो आकार सुचवतो. त्यामुळे चुकीच्या गृहीतकाची किंमतही वाढते, कारण अख्खा आकारच त्या गृहीतकाला धरून वाढतो.

उत्तर आधी ठाऊक नसताना मॉडेल किती टिकते, हे पाहण्याचा खुला मार्ग अमेरिकेतील सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेने २०१२ मध्ये घालून दिला. निरनिराळ्या संघांना एका पोलादी नमुन्याचा आकार आणि साहित्याच्या चाचण्यांची माहिती दिली गेली, आणि भेग कोठून कोठे जाईल व किती लोडला, याचा अंदाज चाचणीचा निकाल पाहण्याआधी मागितला गेला. अंदाज एकमेकांपासून बरेच वेगळे निघाले, आणि ते जसेच्या तसे प्रसिद्ध झाले. २०१४ मध्ये टायटॅनियमच्या मिश्रधातूवर आणि २०१७ मध्ये त्रिमितीय छपाईने बनवलेल्या पोलादावर असेच आव्हान पुन्हा ठेवले गेले. छापलेल्या पोलादात प्रत्येक नमुन्याच्या आतल्या सूक्ष्म पोकळ्या वेगळ्या असतात, म्हणून तिथे एकच आकडा पुरत नाही. अंदाजासोबत तो किती इकडेतिकडे होऊ शकतो, हेही सांगावे लागते. आपली भोकाची पट्टी जिथे ओढली जाते, त्या प्रयोगशाळेनेही पुढच्या पट्ट्यांसाठी तोच नियम स्वीकारला आहे: तुटण्याचा लोड, तुटण्याची जागा आणि दोहोंची कमाल-किमान मर्यादा वहीत लिहून, त्यावर तारीख आणि सही झाल्याशिवाय यंत्र सुरू करायचे नाही.