बाणांच्या भात्यातून परतलेली आगाथा

(दृश्य: कातानिया, दुओमो चौक. 4 फेब्रुवारी, पहाट)

अजून उजाडलेलं नाही. आज संत आगाथेचा उत्सव. सिसिलीतल्या कातानिया शहराचा हा मुख्य चौक, आणि नजर जाईल तिथे पांढरे झगे. डोक्यावर काळी मखमली टोपी, हातात पांढरा रुमाल. या झग्याला इथे ‘साक्को’ म्हणतात.

कॅथेड्रलमध्ये पाय ठेवायला जागा नाही. सगळे थांबलेत ते एका लोखंडी दारासाठी. त्यामागे आगाथेची मूर्ती आहे. त्याच्या तीन किल्ल्या तिघांकडे असतात. तिघे आल्याशिवाय ते उघडत नाही.

(दृश्य: मूर्तीचा चेहरा, जवळून)

संत आगाथा. सिएनाच्या जोवान्नी दि बार्तोलो या सोनाराने ही चांदीची अर्धमूर्ती 1376 मध्ये पूर्ण केली. हार, अंगठ्या, क्रूस यांनी ती झाकून गेली आहे. शतकानुशतकं लोक वाहत आले आहेत. संगीतकार विन्चेन्झो बेल्लिनी याच गावचा. फ्रान्सने त्याला दिलेलं मानचिन्हही इथेच आहे. पण चौक भरलाय तो दागिन्यांसाठी नाही. या मूर्तीच्या आत आगाथेची कवटी आहे. बाकीचे अवशेष सोबतच्या चांदीच्या पेटीत.

इसवी सन 251. सम्राट देसियसच्या काळात ख्रिस्ती लोकांचा छळ चालू होता. देवाला वाहिलेली ही तरुण मुलगी क्विंतियानुस या रोमन अधिकाऱ्याला हवी होती. ती नाही म्हणाली. तिला कुंटणखान्यात ठेवलं, तरी नाही. तुरुंगात टाकलं, स्तन कापले, निखाऱ्यांवर लोळवलं. 5 फेब्रुवारीला ती गेली. हे तपशील पुढच्या काळात लिहिले गेले, पण तिचा नकार लोकांनी कधी खाली पडू दिला नाही. मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना, तिच्या जुन्या रोमन प्रार्थनेत लुसी, आग्नेस, सेसिलिया यांच्याबरोबर तिचं नाव आहे. हीच प्रार्थना आपल्या मराठी मिस्सातही आहे.

(दृश्य: समुद्र, मग आची कास्तेल्लोचा काळा किल्ला)

आता हा किल्ला पाहा. काळ्या लाव्हाच्या खडकावर, थेट पाण्यात उभा. आगाथेच्या परतीची गोष्ट इथून जाते.

1040 मध्ये बायझंटाईन सेनापती मानियाकेसने तिचे अवशेष कॉन्स्टँटिनोपलला नेले. कातानिया रिकामं झालं. 86 वर्षं गेली. जे तिला पाहून मोठे झाले होते, त्यांच्यातलं कोणी उरलं नसेल. मग कॉन्स्टँटिनोपलमधले दोन शिपाई पुढे आले, फ्रेंच जिस्लिबेर्तो आणि कालाब्रियाचा गोसेल्मो. आगाथा स्वप्नात आली, मला घरी ने म्हणाली, असं जिस्लिबेर्तोने सांगितलं. रात्री दोघे चर्चमध्ये शिरले. अख्खा देह लपवणं शक्य नव्हतं, म्हणून त्याचे भाग केले आणि बाणांच्या भात्यांत घातले. ऐकायला कठीण आहे, पण त्यांच्या लेखी ही चोरी नव्हती. बंदरामागून बंदर घेत ते सिसिलीला पोचले. बिशप मॉरिझिओ तेव्हा या किल्ल्यात होते. अवशेष त्यांच्या हाती आले आणि 17 ऑगस्ट 1126 च्या रात्री कातानियात घंटा वाजू लागल्या. लोक अंथरुणातून उठून निजायच्या कपड्यांतच रस्त्यावर धावले. साक्को पांढरा आहे तो त्या रात्रीमुळे, असं इथे सांगतात.

(दृश्य: कांदेलोरा, गर्दीतून झुलत येताना)

हे लाकडी, सोनेरी, दिव्यांनी लखलखणारे मनोरे म्हणजे कांदेलोरा. पावभट्टीवाल्यांचा एक, खाटकांचा एक, मासेवाल्यांचा, फुलवाल्यांचा. शेकडो किलोंचं हे ओझं कष्टाची सवय असलेले खांदे पेलतात, आणि नुसतं पेलत नाहीत, तालावर झुलवतात. मिठाईच्या काचेमागे पांढऱ्या आयसिंगचे, वर चेरी लावलेले गोल केक मांडलेत: आगाथेचे स्तन. तिच्यावरचा घाव हे शहर लपवत नाही. स्तनांच्या आजाराने गांजलेल्या बायका तिलाच साकडं घालतात.

(दृश्य: मागे एटना ज्वालामुखी, मग दोर ओढणारे हात)

पेटीत तिचा बुरखाही आहे. 252 मध्ये त्याने लाव्हा अडवला, अशी श्रद्धा. 1886 मध्ये आर्चबिशप दुस्मेत तोच घेऊन निकोलोसी गावापुढे उभे राहिले, आणि लाव्हा गावाबाहेर थांबला.

पाच तारखेच्या संध्याकाळी मूर्ती पुन्हा निघते. चांदीचा रथ, लांबलचक दोर आणि त्यांना धरलेले हजारो हात. “आपण सगळे भक्त ना, सगळे?” एक जण ओरडतो, आणि उत्तर येतं: “नागरिकहो, विवा सांतागाता!” म्हणजे संत आगाथेचा जयजयकार. सान जुलियानोच्या चढणीवर दम लागतो. 2004 मध्ये याच चढणीवर एक तरुण दगावला. सांडलेल्या मेणाने रस्ते निसरडे होतात, भुसा टाकावा लागतो. पेटत्या मेणबत्त्यांवर पालिकेने निर्बंधही घातलेत.

सहा तारखेची सकाळ होते तेव्हा रथ क्रोचिफेरी रस्त्यावर असतो. इथे मठातल्या बेनेडिक्टिन जोगिणी जाळीच्या दारामागून तिच्यासाठी गातात.

(दृश्य: जोगिणींचे गाणे, मूळ ध्वनी, निवेदन नाही)

17 ऑगस्टला अवशेष पुन्हा बाहेर येतात. ही मिरवणूक लहान असते, तिला परतीचं निमित्त असतं. 2026 मध्ये त्या परतीला 900 वर्षं होतात.